पुडीतले चार डायोड

जाफराबादच्या स्टँडमागं बसणारा मेकॅनिक लबाड आहे, ही गोष्ट आमच्या भागात मी पसरवली. ती खोटी होती. ज्यांच्यापर्यंत नंतरचं पोचलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. बिघडलेले अॅम्प्लिफायर त्याच्याकडं जायचे. काढलेला प्रत्येक पार्ट तो कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. लोक त्यावर खूश होते. मला वाटायचं, प्रामाणिकपणा एवढा दाखवावा लागतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

माझा मोठा अॅम्प्लिफायर अर्धा तास चालला की गुरगुरायचा आणि फ्यूज उडवायचा. त्यानं पॉवर सप्लायचे चारही डायोड बदलले.

"चारही गेले?"

"एकच गेलाय काका. पण चौघं एका वयाचे. बाकीच्यांचा काय भरवसा?"

"माणसासारखंच म्हण की."

"माणसाचं बरंय, गेला की कळतंय तरी. हे मीटरवर बराबर दाखवतेत. भार पडून गरम झाले की मंग गळतेत, उलटा करंट सोडतेत."

चोरानं आधीच पळवाट काढून ठेवली, असं मी मनात म्हटलं. घरी येऊन पुडीतल्या चौघांना मीटर लावलं. चारही चांगले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी पुडी आणि मीटर ठेवलं. "मी काही बोलत न्हाई. तुम्हीच लावून बघा." एवढंच. त्या न बोलण्यानं काम केलं. केदारखेड्याचं भजनी मंडळ, विहाराची मंडळी, सगळे आपापले सेट भोकरदनला न्यायला लागले. मेकॅनिकच्या दुकानात दुरुस्तीच्या सेटऐवजी मोबाईलची कव्हरं लटकायला लागली.

गेल्या वर्षी त्याच अॅम्प्लिफायरचे डायोड पुन्हा गेले. घरात पुडी होतीच. त्यातले जुने डायोड मीटरवर चांगलेच तर होते. मी स्वतः बसवले. अर्ध्या तासात तीच गुरगुर, तोच फ्यूज. चारांतल्या एकाला बोट लावलं तर चटका बसला.

टपरीवर जाऊन सांगितलं, मेकॅनिकचंच खरं होतं. चहावाला हसला. "तुमीच तर मीटर लावून दाखवलं व्हतं. आता त्यानं काही दिलं का काका तुम्हाला?"

मग मेकॅनिककडं गेलो. अॅम्प्लिफायर पुढं ठेवला, सगळं सांगितलं. त्यानं पेचकस उचललाच नाही.

"मला सांगून काय फायदा? तिथं मीटर दाखवलं ना, आता तिथंच भार टाकून दाखवा. डायोड हेच राहू द्या."

टपरीच्या बाकावर आम्ही अॅम्प्लिफायर लावला, नवा फ्यूज घातला, भजन सुरू केलं. मेकॅनिक लांब उभा राहिला; हात लावला असं कुणी म्हणू नये म्हणून. लोक जमले. कुणी वायर कुठं जाते ते वाकून बघत होतं, कुणी माझ्या हातांकडं.

भजन स्वच्छ चाललं होतं. दुसरा चहा झाला, तरी स्वच्छच.

"बरा तर वाजतोय," चहावाला म्हणाला.

जन्मभर माझे सेट बिघडू नयेत म्हणून जीव टांगणीला लागायचा; त्या दिवशी मी बिघडायची वाट बघत होतो. मेकॅनिक माझ्याकडं बघत नव्हता.

मग आवाजाखालून बारीक गुरगुर निघाली. चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला आणि कान दिला.