नाक मोकळं ठेवा

बेहाला नावाच्या वस्तीतल्या एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. बाबा सरकारी कचेरीत शिपाई, बदलीवर कोलकात्याला आलेले, आणि आल्यावर वर्षभरात अंथरुणाला खिळले. उद्या काय, या धास्तीने आई झोपेत दचकायची. ताईने शाळा सोडली, ब्लाउज शिवले आणि मला शिकवलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि ती तिच्या शिवणावर उभी आहे, हे मी ताठ मानेने सांगते.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीचा, मुक्ताचा, कोलकात्याच्या डमडम भागातून फोन आला, "मावशी, आई गेली..."

ताईला समुद्राची भीती वाटे. तरी एका हिवाळ्यात शेजारणींच्या आग्रहाने ती बकखालीच्या किनाऱ्यावर सहलीला गेली, आणि तिथे वाळूवर देवमाशाचं पिल्लू येऊन पडलं. गावातल्या बायकांनी शंख फुंकले, शेंदूर लावला. ताईने आपल्या पद्धतीने त्याची ओटी भरली. मासा तहानलाय म्हणून सगळ्यांनी त्याच्या डोक्यावरच्या भोकात पाणी ओतलं. ताईनेही ओतलं. ते भोक म्हणजे त्याचं नाक, हे तिला मागाहून कळलं. आमच्या डोळ्यांसमोर गुदमरला गं, असं ती सांगायची. वनखात्याचा माणूस तेव्हा एवढंच म्हणाला, की ही जात आता फार उरलेली नाही. नंतर कित्येक महिने न्हाणीघरात डोक्यावर तांब्या ओतताना ती नाकावर हात धरी.

पुढे दर हिवाळ्यात ती त्या किनाऱ्यावर जाऊ लागली. मोडक्या बंगालीत कोळ्यांना सांगायची, ओल्या चादरी टाका, गर्दी हटवा, वनखात्याला कळवा, नाक मोकळं ठेवा. निताई नावाचा कोळी एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "दीदी, माशाला पाणी नको, तर काय चहा पाजू?"

"तुझ्या नाकात घागर ओतते, मग सांग काय पाजायचं ते," ताई म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही. पुढचा मासा येईल तेव्हा लोकांच्या हे लक्षात राहील का, याच भीतीत ती जगली.

तिच्या बाराव्याला पानं वाढत असताना तिचा मोबाईल वाजला. निताई होता.

"दीदी, पिल्लू आलंय. जिवंत आहे."

"दीदी नाही राहिल्या," मी म्हटलं. पलीकडे वारा आणि माणसांचा कालवा होता. मी ओरडून विचारलं, "निताईदा, नाक?"

"मोकळं आहे. बायकाच कडं करून उभ्या आहेत, घागरी खाली ठेवून. पण भरतीला अजून वेळ आहे."

फोन मध्येच तुटला. वाढलेली पानं तशीच राहिली. मुक्ता मोबाईल मांडीवर घेऊन बसली होती, आणि तो वाजू नये असंही आम्हा दोघींना वाटत होतं.

संध्याकाळी निताईचा फोन आला. वनखात्याच्या माणसांनी आणि कोळ्यांनी मिळून पिल्लाला भरतीच्या पाण्यात ढकललं, आणि ते जिवंत समुद्रात परत गेलं.