निळी मोटार

आमच्या डोंगरकडा गावाहून पुण्याला कॉलेजला निघाले, त्या सकाळी पप्पांनी मला आमच्या जुन्या निळ्या मोटारीतून वारंगा फाट्यापर्यंत सोडलं. फाटा दिसू लागला तशी त्यांनी गाडी अलीकडेच, पंक्चरच्या दुकानामागं उभी केली. "इथून चालत जा. तुज्या मैत्रिणी असतील बसजवळ." मी तर काहीच बोलले नव्हते. तरी त्यांना कळलं. आणि मी उतरून चालत गेले.

ती मोटार एकेकाळी गढीवरल्या मालकांची. आमचे आजोबा ती धुवायचे. आत बसायची मुभा नव्हती. पुढं ती गढीमागं गवतात पडून राहिली. पप्पांनी ती भंगार म्हणून घेतली, चालू केली आणि काळी होती ती निळी केली. मग आमच्या बुद्धवस्तीतली प्रत्येक वरात तिच्यातून, वेशीतल्या मोठ्या रस्त्यानं निघू लागली. त्याच रस्त्यानं आमच्या नवरदेवाला पूर्वी घोड्यावरून जाऊ देत नसत. हे मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. वरातीत पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसून ऐकलं.

पुण्यात नोकरी लागल्यावर कळलं, माझ्या वयाची मुलं अशा मोटारींसाठी वेडी आहेत. ऑफिसातल्या दोघांचे शनिवार-रविवार गॅरेजमध्येच जायचे. कार्ब्युरेटर, क्रोम, ओरिजिनल पेंट. त्यांच्यात मला बोलायला सहसा काही नसे. एकदा बोलून गेले, "आमच्या घरी आहे एक." सुट्टीत दोघं माझ्याबरोबर आलेच.

"काय अँटिक पीस आहे!" एक जण ओरडला.

शेजारच्या कमलमावशींना हसू आवरेना. "अँटिक पीस तर हिचा बाप हाय, बाबा! गाडी बिचारी साधी हाय." आमच्याकडं अँटिक पीस म्हणजे चक्रम माणूस. पप्पाही हसले.

मग त्याच मुलानं दारावरच्या रंगाची खपली नखानं उचकटली. खाली काळा निघाला. "काका, हा निळा का दिलात? आम्हाला द्या. खरवडून होती तशी करू. आमच्यानंतरही टिकेल."

पप्पा माझ्याकडं बघत होते. उत्तर मला पाठ होतं. पण माझ्या आडनावावरून ऑफिसात कुणाला काही कळत नव्हतं, आणि मीही कधी कळू दिलं नव्हतं.

"पप्पांना आवडतो," मी म्हणाले.

पप्पांनी बॉनेटवरून हात फिरवला. "व्हय. आवडतो," म्हणाले. "द्यायची न्हाई."

पाहुणे जेवून हात धुवायला गेले तेव्हा पप्पा हळूच म्हणाले, "ती पोरं गाडी बराबर जपतील, पण रंग काढतील. तू रंग ठेवशील, पण काहून निळी ते सांगणार न्हाईस. मंग माज्यामागं कोणाला देऊ, बाई?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

गाव सोडून माझ्यासारखे जे निघाले, त्यांना हे ठाऊक असेल. तिथं होते तेव्हा डोंगरकडा मला नकोसा होता. आता तो घर वाटतो, कारण मोटार निळी का, हे तिथं कुणी विचारत नाही. पुण्यात विचारतात. पप्पा फोनवर पिकापाण्याचं बोलतात, मोटारीचं नाही. ऑफिसातला तो मात्र अधूनमधून म्हणतो, "काकांनी रंगाचं काही ठरवलं का?"

"निळाच राहणार," मी म्हणते. तो म्हणतो, "पण का?"

आणि मी कॉम्प्युटरकडे वळते.