दिरांनी बघितलेला तळ

पाण्यात पडलेली वस्तू आमच्या धाकट्या दिरांना सापडली नाही, असं गंगापूर रोडच्या मळ्यांत कधी झालं नाही. हंडा, पंपाचा फुटव्हॉल, एका सुनेचं तर जोडवं त्यांनी विहिरीतून काढलं. खाली काळोख, सगळं हातानेच शोधायचं. छाती फुटायची वेळ येईपर्यंत ते दम धरत, आणि काठावरून कुणी "गेले का काय?" म्हटलं की त्यांना फार आवडे. वर आले की पहिलं भांडण. "पोचा आधीचाच हाय, माझ्यावर आळ घेऊ नका!" हंड्याची मालकीण म्हणे, "तुमचं डोकं आदळलं असेल त्याच्यावर!"

बुडून मेलेली माणसंही काढली त्यांनी. निरोप आला की पुढ्यातली भाकरी ठेवून निघत. त्या दिवशी घरी आल्यावर कुणाशी बोलत नसत. आंघोळ करायची आणि मेथीच्या जुड्या बांधत बसायचं.

दोन हजार सालानंतर कधीतरी माझा मुलगा आम्हाला अंदमानला घेऊन गेला. तो अंबडला कंपनीत होता. दिरांना मूलबाळ नाही, म्हणून त्यांनाही नेलं. तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून लोकांना समुद्राखालचे प्रवाळ दाखवायला नेत. दीर अडून बसले. "वहिनी, पन्नास वर्षं तळ चाचपला. एकदा डोळ्यांनी बघू द्या."

आधी कमरेइतक्या पाण्यात शिकवत. शिकवणारी एक बंगाली मुलगी होती. तोंडातल्या नळीतून सारखा श्वास घ्यायचा आणि सोडायचा, एवढंच शिकायचं. तेच दिरांना जमेना. खाली गेले की दम धरून बसत, वर बुडबुडाही येत नसे. मुलगी ओरडे, "अंकल, साँस मत रोको! ऊपर आते वक्त छाती फट जाएगी!" दीर नळी काढून मला विचारत, "किती वेळ झाला?" वर तिला म्हणत, "बाई, गरज लागंल तव्हा घेईन की."

दोन दिवस हेच चाललं. शेवटी तिने सांगितलं, "कल आखिरी बार. नहीं तो मैं नहीं ले जाऊँगी." त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. एवढा मोठा माणूस, आणि पानावर रुसला. मला राग आला आणि वाईटही वाटलं.

सकाळी मी लुगडं खोचून त्यांच्यामागे पाण्यात गेले. म्हटलं, "भाऊजी, तोंडात बिडी आहे असं समजा. ओढा, सोडा. कोंडून ठेवायचं नाही."

बुडबुडे आले. मुलगी हसली आणि त्यांना होडीतून घेऊन गेली.

परत आले ते वाळूत गप्प बसले. माणूस काढून आल्यावर बसायचे तसेच. मी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मग म्हणाले, "वहिनी, खाली समदं जितं हाय."

टॉवेल घेऊन मी त्यांची पाठ पुसली. दिराच्या पाठीला हात लावायची आमच्याकडे पद्धत नाही. पण तिथे आम्हाला कोण ओळखत होतं?