नवऱ्याचं पहिलं अक्षर

पुसायला गेलो ‘ए’ आणि पुसून बसलो ‘सी’.

जयपूरच्या शास्त्री नगरातल्या आमच्या घरात भरतकामाचं एक मशीन आहे. सीतापुऱ्यातल्या एका कारखान्याने मोडीत काढलेलं ते मशीन बायकोने त्याच्या काळ्या पडद्याच्या कॉम्प्युटरसकट घरी आणलं. त्यातला प्रोग्राम भलता हट्टी. डिझाइन घेणार ते ‘ए’मधूनच, म्हणजे फ्लॉपीतून. फ्लॉपी ड्राइव्ह बिघडला तेव्हा मी एक ओळ टाइप करून प्रोग्रामला गंडवलं: कुणी ‘ए’ मागितलं की गुपचूप ‘सी’, म्हणजे आतली हार्ड डिस्क, पुढे करायची. आमच्या घरात हेच चालतं. हाक मला मारतात, ओ ती देते. कॉम्प्युटर सुरू झाला की ती ओळ आपोआप चालेल अशी सोय केली आणि विसरून गेलो.

परवा चालू फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला. हौसेने बसवला, कारखान्याची जुनी फ्लॉपी घातली आणि ती रिकामी करावी म्हणून हुकूम सोडला: ‘ए’मधलं सगळं पुसून टाक. “नक्की?” असं त्याने विचारलंसुद्धा. पण आमच्या बँकेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हापासूनचा मी जाणकार! दाबलं ‘वाय’.

फ्लॉपीचा दिवा लागलाच नाही. तेव्हा ती विसरलेली ओळ आठवली: हुकूम ‘सी’वर चालला होता. बायकोने जन्माला घातलेली सगळी डिझाइन्स गेली होती.

“अहो, झालं का? अंतरपाट लावायचाय मला.” रविवारी इथल्याच एका मराठी घरात लग्न होतं. नवरा-नवरी भरलेला अंतरपाट जयपुरात दुसरं कोण करून देणार?

“अगं, मतलब... थोडंसं पुसलं गेलंय.”

“थोडंसं म्हणजे किती?”

“सगळं.”

ती ओरडली नाही. ते जास्त वाईट. “परत आणा,” एवढंच म्हणाली.

परत आणता येतं. पुसलेल्या फाइलच्या नावातलं फक्त पहिलं अक्षर जातं. ते काय होतं, हे कॉम्प्युटर आपल्यालाच विचारतो. नावं तिने ठेवलेली, मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. मी वाचू लागलो.

“प्रश्नचिन्ह, ओ, आर. पोर?”

“पोर कसलं भरताय शालूवर? मोर! एम दाबा.”

मग कोयरी आली, कमळ आलं. नवरी आली तेव्हा बायकोने खुर्ची जवळ ओढली. राहिला नवरा. त्याला ‘एन’ हवा होता, पण घाईत माझं बोट शेजारच्या ‘बी’वर पडलं. नवऱ्याचा झाला बावरा.

“थांब, नाव बदलतो,” मी म्हटलं.

तिने कापड लावून मशीन सुरूसुद्धा केलं होतं. सुई खाली गेली, लाल पागोट्याची कड उमटू लागली.

“राहू द्या हो,” ती म्हणाली. “याच नावाने पटकन सापडेल.”