गॅस झाली, गॅस लागली

पुण्या-मुंबईकडे म्हणतात गॅस झाला. आमच्या भिलाईत हिंदीच्या संगतीनं गॅस बाई झाली. वांगे जास्त खाल्ले की गॅस होते, मंग ओवा आणि काळं मीठ. अन् भट्टीजवळ माणसाले चक्कर आली की त्याले गॅस लागते. झाली म्हणजे पोटातली, लागली म्हणजे भट्टीची. आमच्या खुर्सीपार मोहल्ल्यातलं शेंबडं पोरगंही हे जाणते. मी तर सेफ्टी शिकून राहिली होती.

जहाजावरच्या सेफ्टीचं खूळ माह्या डोक्यात बाबानंच भरलं. जिथं पाणी म्हणजे मरोद्याचा तलाव, तिथली पोरगी समुद्रावर चालली म्हणून मोहल्ला हसला. आई तर म्हणे, हिले बादलीतल्या पाण्यानं सर्दी होते. बाबा हसले नाहीत. उभी जिंदगी त्याहिनं पोलादाच्या प्लांटात भट्टीपाशी काढली होती. दुसऱ्याचा जीव सांभाळायची नोकरी त्याहिले सगळ्यात मोठी वाटे. ओळखीच्या माणसाले थांबवून सांगत, आमची पोरगी जहाजावर सेफ्टी पाहणार. मले लाज वाटे, अन् आतून बरंही वाटे.

रिटायर झाल्यावर बाबाले घरी बसवेना. ते लोखंडाच्या एका लहानशा रोलिंग मिलमध्ये कामाले जाऊ लागले. तिथं कोळशापासून गॅस काढून भट्टी चाले. मी फोनवर विचारलं की गॅस मोजायचं मीटर आहे का, तर म्हणे माहं नाक आहे ना. मी चिडली. म्हटलं, बाबा, त्यातल्या जहरी गॅसले वासच नसते, नाक काय करणार? ते म्हणे, बरं मॅडम, लिहून ठेवतो.

रोज दुपारच्या चहाच्या सुट्टीत ते फोन करत. आज काय शिकली, हे सांगावं लागे. मीही मोठ्या तोऱ्यात सांगत होती.

त्या दिवशी समुद्रकाठच्या आमच्या ट्रेनिंग सेंटरात बंद टाकीचा धडा होता. जहाजावरच्या टाकीत उतरायच्या आधी हवा तीन जागी तपासायची: वर, मधी अन् खाली. डोकं दुखलं, मळमळलं, पाय लटपटले, तर विचार करत बसायचं नाही, बाहेर निघायचं. बेशुद्ध माणूस समजून पुतळा ओढून काढायच्या सरावात मी पहिली आली. सर सगळ्यांसमोर शाबास म्हणले. माह्या पायाले जमीन लागत नव्हती. तेवढ्यात बाबाचा फोन आला.

"बेटा, थोडी गॅस लागली वाटते. डोकं भणभण करून राहिलं. मळमळूनही राहिलं."

मैत्रिणी फोटो काढाले बोलावून राहिल्या होत्या. मी म्हटलं, "आईनं वांगे केले असतील. ओवा खा, पाणी प्या, होते बरं."

बाबा हसले. "हो, वांगेच होते. सेफ्टीवाल्या मॅडम म्हणतात तर ठीकच असन."

अन् ते परत भट्टीपाशी गेले. मी फोटो काढला. तो फोटो अजून माह्या फोनमध्ये आहे, मी त्यात दात काढून हसून राहिली आहे. संध्याकाळी काकाचा फोन आला तेव्हा मी पुन्हा टाकीपाशीच होती. मिलमध्ये बाबा पडलेले दिसले, दवाखान्यात नेलं, पण जीव राहिला नाही.

दवाखान्यात डॉक्टर आईले हिंदीत म्हणले, गैस से गए. आईनं तिची, पोटातली गॅस ऐकली. डब्यात तिनंच वांगे दिले होते. बाबाच्या पुण्यानुमोदनाले बाया आल्या, वंदना झाली, अन् आई येईल त्या बाईले सांगे, माह्या हातच्या भाजीनं गेला माणूस. अंगणातलं वांग्याचं झाड तिनं मुळासकट उपटलं. काकानं किती समजावलं की भट्टीची गॅस होती. आई म्हणे, "भट्टीची असती तर त्याहिले कळली नसती काय? ते उठून घरी आले असते. पोटाचीच होती."

याचं उत्तर माह्यापाशी होतं, अन् मी आलेल्या बायाले चहा देत राहिली. त्या फोनची गोष्ट मले एकटीलेच माहीत होती. मी परीक्षा पास झाली. जहाजावर गेली. सेफ्टीचं काम हातात आलं तशी टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाले विचारू लागली, तुमच्या घरी गॅस लागली हे कसं म्हणता? बंगाली, तमिळ, फिलिपिनो, सगळ्यांचे शब्द मी पाठ केले. लोक म्हणत, ही पोरगी लय बारकाईनं काम करते. काय सांगू त्याहिले.

मागच्या सुट्टीत घरी होती. निघायच्या दोन दिवस आधी आईनं माह्या बॅगेत ओव्याची पुडी ठेवली. "जहाजावर गॅस झाली तर कोण आहे तुले पाहाले," म्हणली. मी खाली बसली.

"आई, बाबाले कळलं होतं. त्याहिनं मले फोन केला. गॅस लागली म्हणले. झाली नाही म्हणले. मीच म्हटलं, ओवा खा."

"लागली म्हणले?"

"हो."

"अन् तुले ऐकू आलं?"

"आलं."

मले वाटलं, आता आई मारन, शिव्या देईन. द्यालेच पाहिजे होत्या. पण ती उठली अन् वाळलेले कपडे काढाले गेली. त्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशी ती कामापुरतंच बोलली.

निघायच्या सकाळी घरभर वांग्याच्या भाजीचा वास होता. इतक्या वर्षांनी तिनं वांगे आणले होते. माह्या ताटात वाढले, स्वतःच्याही वाढले, अन् ती पोटभर जेवली. मी रडत रडत खाल्लं.

गाडीत बसल्यावर मी बॅग उघडली. कपडे, लाडूचा डबा, सगळं नीट लावलेलं होतं. ओव्याची पुडी तिनं काढून घेतली होती.