माझ्या मापाची सायकल, भेडाघाट आणि एक चक्कर

भेडाघाटला मी आजवर किती वेळा गेले असेन, सांगता येणार नाही. जबलपुरात राहणाऱ्यांच्या घरी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी त्याला धुआँधार धबधबा दाखवायला न्यावंच लागतं. अशा प्रत्येक वेळी मी गाडीत मागच्या सीटवर मध्ये दाबून बसलेली असते आणि मांडीवर पुऱ्यांचा डबा असतो. या हिवाळ्यात पहिल्यांदाच मी सायकलने गेले, तीही स्वतःच्या मापाने बनवून घेतलेल्या सायकलने. म्हणून हे लिहिते आहे.

माझी उंची चार फूट दहा इंच. रोड सायकल घ्यायची म्हणून सदर बाजारातल्या एका दुकानात गेले, तर सगळ्यात लहान सायकलवरूनही माझे पाय जमिनीला लागेनात. दुकानदाराने मला प्रेमाने मुलांच्या सायकलींकडे नेलं आणि पुढे टोपली, हँडलला झिरमिळ्या असलेली एक गुलाबी सायकल दाखवून म्हणाला, "दीदी, ये आपको परफेक्ट आएगी." मी एका शाळेत दहावीच्या वर्गांना फिजिक्स शिकवते. झिरमिळ्या लावून शाळेच्या फाटकातून आत शिरण्याची माझी तयारी नव्हती.

मग कळलं की पुण्याकडे एक जण माणसाचं माप घेऊन फ्रेम बनवून देतो. त्याच सुमारास पगाराची थकबाकी हाती आली होती आणि घरच्यांनी ती मनातल्या मनात स्वयंपाकघरातल्या नव्या कपाटांना देऊनही टाकली होती. मी कपाटं जुनीच राहू दिली आणि सायकल मागवली. वाढदिवस नव्हता, निवृत्ती नव्हती, डॉक्टरांनी व्यायामही सांगितलेला नव्हता. लोकांना सायकलपेक्षा हेच जास्त खुपलं. बाईने स्वतःसाठी काही घ्यायचं तर निदान एखादा आजार तरी असावा.

मापं व्हिडिओ कॉलवर झाली. आमचे हे, म्हणजे श्रीकांत, रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. शिंप्याची टेप घेऊन त्यांनी माझे पाय, हात, खांदे मोजले आणि पलीकडच्या माणसाला दोनदा खात्री दिली की ही खरंच एवढीच आहे.

सायकल आली ती हळदीसारखी पिवळी. पोलादाच्या बारीक नळ्या, नेहमीपेक्षा लहान चाकं, माझ्या खांद्यांएवढंच रुंद हँडल आणि माझ्या बोटांना पोहोचतील असे ब्रेक. गल्लीत पहिली फेरी मारली तेव्हा समजलं की सायकल चालवताना मान दुखलीच पाहिजे असं काही नसतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या सायकलींवर लोंबकळत होते.

इथे यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. यांचं मन फार मोठं आहे असं सगळे म्हणतात. त्या मोठ्या मनाला लागणारं सामान मात्र माझं असतं. माझं शिलाई मशीन नणंदेकडे गेलं आणि तिकडेच राहिलं. माझी स्कूटर भाच्याला कोचिंगसाठी दिली, ती आरसे नसलेली आणि चालू न होणारी परत आली. दोन्ही वेळा मला नंतर कळलं. म्हणून सायकल मी बेडरूममध्ये ठेवत होते.

आता प्रवास. सिव्हिल लाइन्समध्ये एक सायकल ग्रुप आहे, तो रविवारी सकाळी निघतो; त्यात मी नाव नोंदवलं. त्याचे अध्यक्ष दुबेजी बिल्डर आहेत, सहा फुटी, अंगाला घट्ट चिकटणाऱ्या कपड्यांतले. निघण्याआधी ते प्रदूषणावर चार शब्द बोलले. ते बोलत असताना त्यांची सायकल त्यांच्या मोठ्या गाडीच्या टपावरून उतरवली जात होती. मला पाहून म्हणाले, भाभीजी, आप बीच में चलिए, सेफ रहेगा. आमचे हे त्यांच्या स्वतःच्या स्कूटरवरून मागे येणार होते, थर्मास आणि पंक्चरचं सामान घेऊन.

तुम्हाला जायचं असेल तर रस्ता सोपा आहे: मेडिकल कॉलेजवरून पुढे, बायपास ओलांडून, तेवरमार्गे. बायपासजवळ ट्रक फार, तिथे रविवारीही सांभाळून जा. हिवाळ्यात उजाडल्यावरच निघा, कारण धुक्यात ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला खड्डा. तेवरला मूर्ती घडवणाऱ्यांच्या छिन्न्या सकाळीच सुरू होतात, आणि टपरीवर मुगाच्या डाळीची गरम भजी, म्हणजे मंगोडे, मिळतात. चटणी तिखट असते, आधी चाखून बघा.

बीच में चालायचं माझ्या मनात होतं, पण मेडिकलपुढे ग्रुपला मध्य असा उरलाच नाही. दर थोड्या वेळाने सगळे फोटोसाठी थांबत होते. मी तेवरला पोचले, मंगोडे खाल्ले, चहा संपवला, तेव्हा दुबेजी आले. दम खात त्यांनी माझ्या सायकलभोवती फेरी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला की ही सगळी कमाल सायकलची आहे. मग एक चक्कर मारू का म्हणाले. मी सांगितलं, ही माझ्या मापाची आहे, तुम्हाला जमणार नाही. ते हसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून, अगदी शब्दशः डोक्यावरून, मागे उभ्या असलेल्या यांना विचारलं, "भाईसाहब, आगे एक चक्कर?"

हे म्हणाले, "हाँ हाँ, क्यों नहीं."

मला वाटलं, तोंडदेखलं आहे, विसरतील.

भेडाघाटला पोचल्यावर सायकल पार्किंगमध्ये यांच्या ताब्यात दिली आणि धुआँधारकडे चालत गेले. वाटेत दोन्हीकडे दगडी हत्ती, महादेव, घड्याळं आणि राखदाण्या. त्यातला बराच 'संगमरवर' नखाने ओरखडला की भुकटी निघते, तेव्हा घ्यायच्या आधी नख लावून पाहा. नावेत बसायचं असेल तर भाडं काठावरच ठरवा. धबधब्याचं मात्र मी कितीही टिंगलखोर असले तरी काही वाकडं बोलू शकत नाही. सगळी नर्मदा एका घळीत उडी घेते आणि तिचे तुषार चष्म्यावर येऊन बसतात. मी पहिल्यांदाच तिथे एकटी उभी होते. कुणाचा फोटो काढायचा नव्हता, कुणाला पुरी द्यायची नव्हती. बराच वेळ उभी राहिले.

परत आले तर दुबेजी माझ्या सायकलवर होते.

सीट होती नव्हती तेवढी वर ओढलेली, गुडघे दोन्ही बाजूंना फाकलेले, आणि ते पार्किंगमध्ये गोल गोल फिरत खटाखट गिअर बदलत होते. एक जण व्हिडिओ काढत होता. हे दुबेजींचं हेल्मेट हातात धरून हसतमुखाने उभे होते. माझा राग सायकलपुरता नव्हता. त्यात मशीन होतं, स्कूटर होती आणि आणखी बरंच काही.

मी त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिले. "उतरिए."

"अरे भाभीजी, बस एक चक्कर."

"मुझसे पूछा था?"

"भाईसाहब ने तो..."

"भाईसाहब की नहीं है. उतरिए."

ते उतरले. बूट पेडलजवळच्या पट्ट्यात अडकल्यामुळे अध्यक्षांना एका पायावर थोडं नाचावं लागलं. कुणी हसलं नाही. मीही तिथे हसले नाही, ते काम घरी येऊन केलं.

हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "चारचौघांत काहून असं बोलून राहिली तू? काय वाटलं असेल त्यांना?"

"अहो, तुम्ही हो म्हणालात तेही चारचौघांतच," मी म्हटलं. "मला काय वाटलं असेल ते तुम्ही कधी विचारलं?"

दुबेजींचं हेल्मेट अजून यांच्याच हातात होतं, ते परत द्यायलाही ते विसरले होते.

ग्रुप नावेत बसायला गेला आणि मी पाना काढून सीट खाली घेत बसले. पुण्याच्या माणसाने सगळं माझ्यासाठी बसवून पाठवलं होतं, आता मला ते अंदाजाने शोधायचं होतं. पहिल्यांदा इतकी खाली घेतली की गुडघे छातीला लागले. थोडं जाऊन थांबले, वर केली. तेवरला पुन्हा थांबले. चहावाल्याने हवा मारून देऊ का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हवा माझीच गेली आहे, तुम्ही चहा द्या.

हे स्कूटरवरून मागे होते. बायपासला ट्रक एकामागून एक येऊ लागले, तेव्हा यांनी स्कूटर माझ्या उजव्या बाजूला आणली आणि ट्रक आणि मी यांच्यामध्ये धरून ठेवली. हॉर्न वाजले, शिव्या पडल्या, त्या यांनी खाल्ल्या. माझा राग त्याने कमी झाला नाही. पण ट्रक कमी जवळून गेले, हेही लिहायला हवं.

घरी पोचले तेव्हा पाय भरून आले होते आणि सीट अजून बोटभर चुकलेलीच होती. संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो पडला. दुबेजी, पिवळी सायकल, खाली ओळ: 'हमारे ग्रुप की नई शान'. मी ग्रुपमधून बाहेर पडले. तिथल्या एकाने मला वेगळा मेसेज केला की आपने बिल्कुल ठीक किया. ग्रुपवर मात्र त्याने त्या फोटोला टाळ्या वाजवल्या होत्या.

या सहलीतून काय उरलं, तर एक म्हणजे मला सीट बसवता येते. दुसरं, धबधबा एकटीने बघायचा असतो. तिसरं यांच्याबद्दल आहे, ते अजून अर्धवटच आहे.

परवा अंगणात सायकल पुसत होते, कापड आणायला आत गेले, तेवढ्यात शेजारचे गुप्ताजी आले आणि यांना म्हणाले, भाईसाहब, जरा चलाके देखें? मी दाराआड थांबले. हे थोडे घुटमळले, मग म्हणाले, "नहीं भैया, वो उनके नाप की बनी है. किसी को बैठती नहीं."

यांच्या मानाने ही मोठीच मजल होती. तरी मी बाहेर आले.

"बैठती होगी, गुप्ताजी," मी म्हटलं. "पर मैं देती नहीं."

गुप्ताजी "अच्छा, चलो" म्हणून निघून गेले. हे माझ्याकडे बघत राहिले. मी चेन पुसायला घेतली.