साडूभाऊंची शेवटची तपासणी

साऱ्या विदर्भात माणसाला तोंडावरून न ओळखता हाताच्या शिरेवरून ओळखणारे गृहस्थ एकच, आणि ते नेमके माझे साडू निघाले. राहतात जळगाव जामोदला. हिपॅटायटिस सी नावाच्या, लिव्हर गुपचूप पोखरणाऱ्या रोगावर संशोधन चालू आहे. त्यासाठी गावोगाव फिरून रक्ताचे नमुने गोळा करणं हे त्यांचं काम. माझ्या पुतणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा बाकीचे मुलाची नोकरी, शेती विचारत होते. साडूभाऊंनी नमस्कार करता करता मुलाच्या कोपरापर्यंत बोटं नेली आणि भर बैठकीत निकाल दिला, "पोराची शीर एक नंबर हाय, देऊन टाका पोरगी!" पुतणी सुखात आहे, हेही कबूल केलं पाहिजे.

चिकाटी म्हणाल तर गोचिडाची. या रोगाच्या गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात. विषाणू खरंच गेला की दबा धरून बसलाय, ते तेव्हा कळतं. वरवट बकालच्या एका म्हातारबांनी "मले काय झालं? भूक लागते, झोप लागते," म्हणून सुई नाकारली. साडूभाऊ त्यांच्या वावरात दिवसभर भेंडी तोडत राहिले. "रक्त घेतल्याशिवाय जात नाही मी, बाबा!" संध्याकाळी म्हातारबांनी कंटाळून हात पुढे केला. भेंडीची खाज साडूभाऊंना आठवडाभर पुरली.

मग एका गावात शिबिराला कुणीच पुढे येईना. "काऊन भेऊन राह्यले बे? हे पाहा!" म्हणत साडूभाऊंनी स्वतःच्याच बोटाला टोचलं आणि थेंब पट्टीवर टाकला. पट्टीवर रोगाची रेघ उमटली! "साहेबालेच हाय!" कुणीतरी ओरडलं, आणि सारं गाव घाबरून रांगेत उभं राहिलं. इतकं यशस्वी शिबिर दुसरं झालं नाही, असं ते अजून अभिमानाने सांगतात. मोठ्या तपासणीतही विषाणू निघाला. त्यांनी तीन महिने नेमाने गोळ्या घेतल्या. पण शेवटच्या तपासणीची वेळ आली आणि गडी रोज नवं निमित्त काढून टाळायला लागला.

ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला तसा मी बुलढाण्याहून एसटीने गेलो. "मले काय झालं, साडूभाऊ? भूक लागते, झोप लागते," ते मलाच म्हणाले. मी ओट्यावर मांडी ठोकली आणि रक्त देईपर्यंत जेवणार नाही म्हणून सांगितलं. दारी पाहुणा उपाशी! दुपारपर्यंत ते शरण आले. सुई टोचताना डोळे गच्च मिटून त्यांनी माझा हात धरला. "नसन गेला तं?" त्यांनी हळूच विचारलं. मीही घाबरलोच होतो.

अहवाल आला त्या रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको तिथेच होतो. विषाणू गेला होता! ताई चहा टाकायला उठल्या, तसा साडूभाऊंनी फळीच्या कोपऱ्यातला एक कप काढून त्यांच्यापुढे धरला. "हा आता फेकून दे." एका कपातून चहा प्यायल्याने हा रोग होत नाही, असं गावोगाव घसा कोरडा करून सांगणाऱ्या माणसाने घरी स्वतःचा कप निराळा ठेवला होता.

"काऊन फेकू?" ताई म्हणाल्या. "तुमी ड्युटीवर गेले का मी रोज त्यातच पेत होती. तुमीच सांगता ना, काही होत नाही म्हणून."

अख्ख्या तालुक्याला पटवून दमलेल्या या माणसाला, घरात कुणी आपलं बोलणं इतकं खरं मानतं, याचा पत्ताच नव्हता. कप हातात तसाच धरून त्यांनी माझा रुमाल मागितला.